पालक आणि पाळक

शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटी ‘पालकाची सही’ अशी एक ओळ असते. तुमच्या पुस्तकात त्या ओळीवर ज्यांनी वर्षानुवर्षं सही केली, त्यांना तो अधिकार कोणी दिला होता, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?

मी विचारलं होतं. सातवीत होते तेव्हा. बाबांनी चिडण्याऐवजी पत्र्याची पेटी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला कोर्टाचा कागद माझ्यासमोर ठेवला. मी सहा महिन्यांची असताना एका संस्थेतून पेणला आले, हे मला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या घरात ती लपवायची गोष्ट नव्हती. नवं होतं ते कागदावरचं. त्यात आई-बाबांना आई-बाबा म्हटलेलं नव्हतं. ते माझे ‘पालक’ होते. मी आले तेव्हा आमच्यासारख्या ख्रिस्ती जोडप्याला कोर्टाकडून मिळायचं ते एवढंच. दत्तक घेण्याची तरतूद हिंदूंच्या कायद्यात होती, आमच्यासाठी नव्हती. पुढे कायदा बदलला आणि आता कोणालाही रीतसर दत्तक घेता येतं, पण तो बदल बाबांपर्यंत पोहोचेतो मी मोठी झाले होते.

पालकत्व मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच असतं. माझ्या अठराव्या वाढदिवशी सकाळी बाबा म्हणाले, “आजपासून कायद्याने मी तुझा कोणी नाय. तेव्हा चहा तू कर.”

मी चहा केला. पण त्या शब्दाची खाज गेली नाही. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर रविवारी सांगितलं जायचं की देवाने आपल्या सगळ्यांना दत्तक घेतलं आहे. लहानपणी मी ते अगदी शब्दशः घ्यायचे. आमच्या मंडळीतली सगळीच माणसं माझ्यासारखी कुठून तरी आणलेली आहेत असं मला वाटे. एकदा उपासनेनंतर एका जाडजूड मामांना मी विचारलं होतं, “तुमचा कागद कुठल्या पेटीत आहे?” देवाच्या घरी आम्ही दत्तक आणि कोर्टाच्या घरी पाल्य, हे कसं, याचं उत्तर मला कोणी नीट दिलं नाही. मग मी ते छापील कागदांत शोधू लागले.

छापील कागदांना आमच्याकडे तोटा नव्हता. बाबा पेणमधल्या एका लहान छापखान्यात मशीनवर होते. मंडळीच्या पत्रिका तिथेच छापल्या जात आणि घडी घालायला आमच्या रामवाडीच्या घरी येत. आई दुपारी शेजारणींबरोबर पापड लाटायची आणि संध्याकाळी पत्रिकांच्या घड्या घालायची. ख्रिस्ती घरात पत्रिका म्हणजे वाटायचं पत्रक. बाकीच्यांच्या घरात पत्रिका म्हणजे लग्नाची नाही तर जन्माची. नवी राहायला आलेली एक शेजारीण आईला म्हणाली, “तुमच्यात पन पत्रिका बघतात व्हय?” आई म्हणाली, “बघत नाय गो, घड्या घालतो.”

मी त्या घड्यांमध्येच वाचायला शिकले. दारू सोडा, हुंडा घेऊ नका, मुलीला शिकवा, प्रभूकडे या. दोन बोटांएवढ्या जागेत माणसाला हलवता आलं पाहिजे, नाहीतर कागद वाया, असं माझं लहान वयातच ठाम मत झालं. कॉलेजात मी सगळ्यांशी त्याच आवाजात भांडले. हुंडा घेणाऱ्या मावसभावाच्या लग्नाला गेले नाही आणि का आले नाही ते त्याला लेखी कळवलं. त्यामुळे अनाथ मुलांवर एक पत्रिका काढायचं मंडळीत ठरलं, तेव्हा ती मीच लिहिणार हे उघड होतं.

ती माझी पहिली पत्रिका. शेवटी जाड अक्षरात मी लिहिलं: ‘अनाथ लेकराचे पालक व्हा. आजच पाळकांना भेटा.’ खाली चर्चचा पत्ता दिला.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगते, मंडळीची देखरेख करणाऱ्या धर्मगुरूला आम्ही पाळक म्हणतो. कळप सांभाळणारा तो पाळक. बाबांनी कच्ची प्रत पेन्सिलीने तपासली आणि नेमक्या त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. एकाच ओळीत पालक आणि पाळक आले की लोक अडखळतील, शिवाय पाळक हा आपला शब्द आहे, बाहेरच्यांना कळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ती ओळ फार आवडली होती. मी म्हणाले, लोकांना इतकं अडाणी समजू नका. बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि ओळ तशीच छापली.

पत्रिका आम्ही वडखळच्या नाक्यावर वाटल्या. अलिबागची गाडी तिथे वळते, त्यामुळे सगळ्या तऱ्हेची माणसं थांबलेली असतात. कोणी घेतली, कोणी हातात धरून वारा घेतला, एका म्हातारबाबांनी त्यात शेंगदाणे बांधले. आठवडाभर काही झालं नाही.

पुढच्या गुरुवारी पाळकसाहेबांचा बाबांना फोन आला. खाडीपट्ट्यातल्या एका गावातून, मिठागरावर काम करणारी एक बाई आली होती. एकटीच होती, कडेवर पाच वर्षांची मुलगी आणि हातात माझी पत्रिका. पाळकसाहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मुलीच्या आईवडिलांविषयी विचारलं. दोघंही नाहीत, बाई म्हणाली, मुलगी तिच्या बहिणीची. सांभाळणं कठीण जातंय का, असं विचारल्यावर ती म्हणाली, फार कठीण जातंय. मग पाळकसाहेबांनी रोह्याच्या एका चांगल्या कुटुंबाविषयी सांगितलं, रविवारी भेटाल का म्हणून विचारलं. बाई खूश होऊन म्हणाली, भेटायलाच तर आलेय.

रोह्याचं कुटुंब म्हणजे आमच्या मंडळीतलेच ताई आणि भाऊजी. मूल नव्हतं. दत्तकासाठी सरकारी यादीत नाव घालून ते कित्येक वर्षं वाट बघत होते. आणि आता माझा कागद वाचून एक मूल आपल्या पायाने आलं होतं. आमच्या घरी त्या संध्याकाळी प्रार्थना झाली. आई रडली. मी मात्र बाबांशी भांडले. मूल असं हातातून हातात देता येत नाही, जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, तिच्यासमोरच जावं लागतं, असं मी ठणकावून सांगितलं. बाबा म्हणाले, “मग रोह्याला जा आणि त्यांना सांग. तुझ्याच तोंडून ऐकू दे.”

शनिवारी गेले. ताई शिलाई मशीनवर होत्या. पाच वर्षांच्या मुलीचं माप अंदाजाने धरून त्यांनी वर्तमानपत्राचा फ्रॉक कापला होता आणि तो भिंतीवर टाचून लांबून बघत होत्या. भाऊजी धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून नुकतेच आलेले, अंगाला अजून कसला तरी उग्र वास. रविवारी सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती.

मी कायदा सांगितला. सगळा सांगितला. समितीसमोर मूल सोपवणाऱ्या माणसाला विचार बदलायला वेळ द्यावा लागतो, आणि नंतरही ते मूल यादीप्रमाणे दुसऱ्याच कोणाला मिळू शकतं, हेही सांगितलं. भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, “तुझीच पत्रिका वाचून आली ना ती? मग आता मागे का सरतेस? मोठी लेखिका झालीस, लोक तुझं ऐकायला लागलेत.”

ताई म्हणाल्या की समितीकडे नेऊच, पण आधी दोन दिवस घरी राहू दे. मग मशीनवरून उठून माझ्याजवळ आल्या आणि खाली बसल्या.

“तू पहिल्यांदा आई कधी म्हणालीस?”

मी म्हणाले, मी सहा महिन्यांची होते, मला कसं आठवणार.

“पाच वर्षांच्या मुलीला किती दिवस लागतील?”

परत येताना गाडीत मी तोच विचार करत होते. तेव्हा मला वाटत होतं की मी न्यायाच्या बाजूने बोलतेय. आता कळतं, माझं भांडण कायद्याच्या कलमांवर चाललं होतं. ज्या बाईमुळे हे सगळं सुरू झालं तिचा आवाजही मी अजून ऐकलेला नव्हता.

रविवारी उपासनेनंतर सगळे बाहेरच्या खोलीत जमले. ताईंनी फ्रॉक आणला होता, शिवाय चपला. मुलीने चपला लगेच घातल्या, त्या एक नंबर लहान निघाल्या, तरी ती टाच बाहेर काढून चालत राहिली. भाऊजी तिला विचारत होते, कंपनीची बस बघितलीस का कधी. बाई भिंतीला टेकून बसली होती. तिशीतली असेल. पायांना मिठाने पडलेल्या भेगा. सगळ्यांकडे बघून हसत होती, अगदी शाळेतल्या सभेला आल्यासारखी.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मूल दोन दिवसांसाठी जरी पाठवायचं तरी बाईची लेखी संमती हवी, तुझं अक्षर चांगलं आहे, भाषा चांगली आहे, तू लिही. मंगळवारी आपण समितीकडे जाऊच. मी पुन्हा कुरकुर केली. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, “बाळ, हे जोडपं किती वर्षं गुडघ्यावर प्रार्थना करतंय हे तुला माहीत नाही.”

मी वही घेऊन आतल्या खोलीत बाईसमोर बसले. ‘मी खाली सही करणार’ इतकं लिहिलं आणि थांबले. पुढे ‘स्वखुशीने’ लिहायचं होतं. तो शब्द लिहायचा तर तिला विचारलं पाहिजे, एवढंच माझ्या मनात आलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. बाबांनी शिकवलेली सवय होती ती, खात्री नसलेला शब्द छापायचा नाही.

मी विचारलं, “मावशी, तुम्ही आमच्याकडे नेमक्या कशाला आलात?”

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “तुमच्या कागदाव लिवलाय ना. माना पालक व्हायचा हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. तिने ब्लाउजमधून घडी केलेली पत्रिका काढली, जाड अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचलं, “अनाथ लेकराचे पालक व्हा. आजच पालकांना भेटा.” सातवीपर्यंत शिकलेली होती, सावकाश पण नीट वाचत होती. फक्त दुसरा शब्दही तिने पहिल्यासारखाच वाचला. ती म्हणाली, पोरीला शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी चांगल्या मनाने सांगितलं होतं, तुझ्याकडे पालकत्वाचा कागद नाही, तो करून घे, पुढे अडचण नको. कुठे करतात ते तिला कळत नव्हतं. वडखळला माझ्या हातून पत्रिका मिळाली आणि वाटलं, हेच ते. इथे पालक करून देतात. आधी झालेल्या पालकांना भेटायचं, मग आपलं नाव लागतं.

“मग पाळकसाहेबांना तुम्ही म्हणालात ना, सांभाळणं कठीण जातंय?”

“कागुद नाय तं कठीनच ना गो बाय. उद्या तिचा चुलता आला, बोल्ला पोर आमची हाय, तं मी काय दाखवू?” ती जरा पुढे सरकली. “पोर माझीच हाय. फक्त कागदाव नाय.”

मी पत्रिकेवर बोट ठेवून सांगितलं की इथे ल नाही, ळ आहे, पाळक. पाळक म्हणजे बाहेर बसलेत ते. तिने दोन्ही शब्दांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हसली. “दिसतो तं येगला. पन आमची जीभ तशी वलत नाय.”

वळत नाही असं तिला म्हणायचं होतं. मीही हसले, आणि मग हसू थांबलं, कारण पुढचं तिला मलाच सांगायचं होतं. सांगितलं. बाहेर बसलेले ते दोघं तुमची मुलगी न्यायला आलेत. मी लिहिते आहे तो कागद तुम्ही तिला देताय याचा आहे.

ती ओरडली नाही. उठली, बाहेर गेली, मुलीला उचललं आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. मुलीच्या एका पायात चप्पल होती, दुसरी बाहेरच राहिली. मग तिने मला विचारलं, आवाज खाली ठेवून, “देयाचीच असती तं गावात मागनारं कमी हायत? इतक्या लांब मी पोर देयाला आलू असा तुमाना कशाव वाटला?”

कशावरून वाटलं? हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. बाई गरीब होती. एकटी होती. कडेवर अनाथ मूल होतं. पत्रिकेच्या वरच्या भागात मी ‘सुस्थितीतील कुटुंबांनो’ असं लिहिलं होतं, म्हणजे पालक होणारे कसे दिसतात हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. त्या चित्रात भेगांचे पाय नव्हते. चांगल्या साडीतली बाई मुलीला घेऊन आली असती तर पाळकसाहेबांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती घराने खाडीतल्या हिंदू बाईचं मूल असं नेलं असतं तर गावात जे बोललं गेलं असतं, त्यातलं किती खोटं ठरवता आलं असतं? लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली नाही. ते बरोबर म्हणाले असते याची वाटली.

बाहेर ताईंना सांगायचं कामही मीच घेतलं. त्या फ्रॉकची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सांगत असताना त्यांनी मान वर केली नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, “तिने पिशवी आणली नव्हती.”

मला कळलं नाही.

“मुलगी द्यायला आलेली बाई तिचे दोन कपडे तरी आणेल ना. मी सकाळी दारातच बघितलं. पिशवी नव्हती. बघितलं आणि गप्प बसले.”

भाऊजी उठले आणि हात पाठीमागे बांधून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले की दुसरी शिफ्ट अजून मिळेल, निघायला हवं. पाळकसाहेब आत गेले. त्या बाईसमोर ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, “बहिणी, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला क्षमा करा.” तिला इतका संकोच वाटला की ती त्यांनाच चहा झाला का म्हणून विचारू लागली.

मी इथे थांबले असते तर ती एका गैरसमजाची गोष्ट झाली असती. पण बाईला कागद हवा होता तो तसाच राहिला होता, आणि चुलता कधीही येऊ शकत होता. मला कायदा पाठ होता, पण कोणत्या दारात जायचं, बरोबर काय न्यायचं, हे काही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं ताईंना. इतकी वर्षं अर्ज भरून त्यांना प्रत्येक दाखल्याचं नाव तोंडपाठ झालं होतं. बुधवारी सकाळी त्यांचा मला फोन आला. त्यांनी यादी केली होती: बहिणीचा मृत्यूचा दाखला, मुलीच्या वडिलांचा, जन्माचा दाखला, शाळेचं पत्र, शेजारच्या दोघांचे जबाब. “तिला सांग, झेरॉक्स दोन दोन काढ. आणि अलिबागला मी येते.”

आम्ही तिघी गेलो, मुलगी धरून चौघी. आधी समितीच्या कार्यालयात, तिथून कोर्टात अर्ज कसा करायचा ते समजून घ्यायला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मुलाशी नातं. बाईने पेन हातात घेतलं आणि ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, “मावशी लिहा. खरं तेच लिहायचं, म्हणजे कोणाला खोडता येत नाही.” बाई सावकाश सही करू लागली. ताईंनी कागद सरकू नये म्हणून वरचा कोपरा दाबून धरला. मी नुसती उभी होते. माझ्या भाषेची तिथे कोणालाच गरज नव्हती.

एका फेरीत काम झालं नाही, होतही नाही. आतापर्यंत चार फेऱ्या झाल्या. चौकशीला माणूस गावात येऊन गेला. पुढची तारीख लागली आहे. मुलगी मावशीकडेच आहे, पण निकालाचा कागद अजून तिच्या हातात नाही. दोन फेऱ्यांना ती जाऊ शकली नसती, एकटीने जायची धास्ती होती. तेव्हा ताई तिच्या गावी जाऊन तिला घेऊन निघाल्या. ताईंचं स्वतःचं नाव अजून यादीतच आहे. मी त्यांना विचारलं, तुम्ही का जाता. म्हणाल्या, मला काय माहीत, रांगेत उभं राहायची सवय झालीय.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या आळीत, वाडीत, सोसायटीच्या मागच्या झोपड्यांत कोणीतरी दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवत असेल. मावशी असेल, आत्या असेल, नुसती शेजारीण असेल. या आठवड्यात तिच्या घरी जा. मदत काय हवी ते ठरवून जाऊ नका, पैसे आणि जुने कपडे घेऊन तर मुळीच जाऊ नका. बसा आणि तिला विचारा, तुला काय हवं आहे. ती कागद म्हणाली, तर तुमच्या कामावरून एक दिवस सुट्टी काढा आणि तिच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी जा.